लायसनला प्रगतिपुस्तक हवं

मंडळी, अशी एक शाळा डोळ्यांसमोर आणा. तिथे शिक्षा दोनच. गृहपाठ आणला नाही, दोन रुपये दंड. वर्गात बोललात, दोन रुपये दंड. पण एखाद्या दिवशी मास्तरांच्या मनात आलं, तर त्याच चुकीला थेट तीन महिने घरी! आणि पुन्हा तसं झालं तर शाळा सोडल्याचा दाखला हातात. मधलं काहीच नाही. ना समज, ना पालकांना चिठ्ठी, ना प्रगतिपुस्तकावर लाल शेरा. अशा शाळेत मुलं काय शिकतील? पैसेवाल्यांची मुलं खिशात दोन-दोन रुपये ठेवून येतील, गरिबांची मास्तर दिसले की मागच्या दाराने पळतील, आणि गृहपाठ कोणीच करणार नाही.

आपल्याकडे गाडी चालवण्याच्या परवान्याची, म्हणजे आपल्या बोलीतल्या लायसनची व्यवस्था हुबेहूब अशी आहे. मी ३२ वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. कायदा हा काही माझा विषय नाही. पण कुठली शिक्षा अंगी लागते आणि कुठली वाया जाते, एवढं मात्र खडू झिजवून झिजवून कळलेलं आहे. त्या जोरावरच हे लिहिते आहे.

निघोजेत राहून या विषयावर गप्प बसणं कठीण आहे हो. २००९ साली आमच्या शिवाराला लागून फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ महिंद्राचा आला, आणि त्यांच्या मागून सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली. पोरांना कामं मिळाली, जमिनीला भाव आला, घरांवर मजले चढले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शिफ्ट सुटायच्या वेळेला गावातल्या रस्त्यावर उभं राहून बघा. कंपनीच्या बसगाड्या, कंटेनर, ट्रेलर, छोटा हत्ती, आणि त्यांच्या फटींतून कानाला फोन लावलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेली, उलट्या बाजूने येणारी काँट्रॅक्टवरची पोरं. त्याच रस्त्याच्या कडेने दप्तर पाठीला लावून शाळेतली मुलं चालत असतात. फुटपाथ हा शब्द आमच्याकडे फक्त शब्दकोशात आहे.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. हा सरकारी आकडा आहे. त्यातली १५ हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातली. साथीच्या रोगाने एवढी माणसं गेली असती तर आपण दारं लावून बसलो असतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. मूळ मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम १९ आरटीओला परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार देतं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना सांगितलं की अतिवेग, सिग्नल तोडणं, गाडी चालवताना मोबाइल, दारू, मालगाडीत जादा माल आणि मालगाडीत माणसं, एवढ्या गुन्ह्यांना किमान तीन महिने परवाना निलंबित करा. मग २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०६ मध्ये भर घातली. काही ठरावीक गुन्ह्यांत पोलिसाने लायसन ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचं. आरटीओने माणसाचं म्हणणं ऐकायचं, आणि एक तर सोडून द्यायचं किंवा कारणं लिहून तीन महिने अपात्र ठरवायचं. दुसऱ्यांदा सापडला तर परवानाच रद्द.

आता त्या ठरावीक गुन्ह्यांची यादी नीट वाचा. दारू पिऊन गाडी हाकणं. रस्त्यावर शर्यती लावणं. बेदरकारपणे चालवणं. अतिवेग. ॲम्ब्युलन्सला वाट न देणं. आणि त्याच ओळीत, त्याच मापाने, दुचाकीवर ट्रिपल सीट बसणं आणि हेल्मेट न घालणं!

म्हणजे दारू पिऊन रात्री कंटेनर हाकणाऱ्याच्या लायसनला पहिल्या वेळेला तीन महिने, आणि बायको-पोरीला घेऊन दवाखान्यात निघालेल्याने टोपडं घातलं नाही तर त्याच्याही लायसनला तीन महिने. (दंड आणि कैद यांत फरक आहे, पण लायसनपुरतं माप एकच.) हेल्मेट घातलंच पाहिजे, त्याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा मला त्या मंडळींची कीव आली होती. पण शुद्धलेखनाची चूक आणि कॉपी यांना एकच शिक्षा देणारा मास्तर कसा चालेल?

यावर कोणी म्हणेल, बाई, एवढी शिक्षा कोणाला होते का कधी? हेच तर माझं दुखणं आहे. तीन महिन्यांची शिक्षा इतकी जड आहे की ती रोज देता येत नाही. खरोखर द्यायची ठरवली तर चाकणच्या एका चौकात संध्याकाळी दोन तास उभं राहिलं तरी अर्ध्या एमआयडीसीचं लायसन गोळा होईल आणि दुसऱ्या दिवशी कारखाने बंद पडतील. म्हणून ती क्वचित कोणावर तरी पडते, आणि बाकीच्यांची पावती फाटते. कायदा सगळ्यांना तीन महिने म्हणतो आणि व्यवहारात सगळं दंडावर भागतं. ज्याच्यावर वीज पडली त्याला वाटतं, मीच कसा सापडलो? शिक्षेतून शहाणपण यायच्या ऐवजी चीड येते.

आणि दंडाचं म्हणाल, तर त्याची रया कधीच गेली. २०१९ च्या सप्टेंबरात देशभर दंड वाढले. आपल्या राज्यात निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे नवे दर लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडलं. आता कॅमेऱ्यातून मोबाइलवर पावत्या येतात. लोक त्या साठवतात आणि लोकअदालतीची वाट बघतात, तिथे तडजोड होऊन रक्कम कमी होते. शेजारी तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकीवाल्यांना थकलेल्या दंडात ७५ टक्के सूट दिली, कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सरसकट ५० टक्के. दिवाळीचा सेलच म्हणायचा! ज्याने वेळेवर दंड भरला तो बावळट, आणि ज्याने थकवला तो हुशार.

माझा एक जुना विद्यार्थी कंपनीच्या कामगारांची बस चालवतो. बस कंपनीची नाही, ठेकेदाराची. तो मला सरळच म्हणाला, "बाई, दंड परवडतो. उशीर परवडत नाही." गाडी दहा मिनिटं उशिरा पोचली की ठेकेदार त्या खेपेचे पैसे कापतो. फोन उचलला नाही तरी बोलणी खायची. एकदा फोनवर बोलताना पकडला गेला आणि याचं लायसन खरोखरच तीन महिने गेलं. घरी दोन मुलं, बायको, घराचा हप्ता. चौथ्या दिवशी हा पुन्हा बसवर! ठेकेदाराने डोळे मिटले, कारण त्याच्याकडे दुसरा माणूस नव्हता.

आता याचा अर्थ समजून घ्या. परवाना निलंबित असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ते एक असो. पण त्या दिवसांत अपघात झाला असता तर? बसमध्ये कामगार भरलेले. विमा कंपनीने आधी भरपाई दिली तरी वैध परवाना नव्हता म्हणून ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे आपण शिक्षा दिली आणि बदल्यात काय मिळवलं? आधी रस्त्यावर फोनवर बोलणारा एक ड्रायव्हर होता. नंतर फोनवर बोलणारा, बिनलायसनचा आणि पोलीस दिसला की बस आडरस्त्याला घालणारा ड्रायव्हर मिळाला.

मग करायचं काय? सोडून द्यायचं? मुळीच नाही. माझं म्हणणं एवढंच, की लायसनला प्रगतिपुस्तक द्या. चुकीच्या वजनाप्रमाणे गुण मांडा, ते साठू द्या, माणसाला ते दिसू द्या, आणि हद्द ओलांडली की मग निलंबन. तेही न चुकता, साहेब असो की शिपाई.

ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. माझा धाकटा भाचा सिडनीला असतो. (वाचतो आहेस ना रे? चूक असेल तर मावशीला कळव.) त्यांच्या न्यू साउथ वेल्स राज्यात पक्कं लायसन असलेल्याला तीन वर्षांत १३ गुणांची मुभा. ठरलेला वेग १० किलोमीटरच्या आत ओलांडला तर १ गुण. सिग्नल तोडला ३. मोटरसायकलवर हेल्मेट नाही ३. हातात मोबाइल ५. १३ भरले की किमान तीन महिने लायसन बंद, जास्त भरले तर चार-पाच महिने. नवशिक्याला पहिल्या टप्प्यात मुभा फक्त ४ गुणांची, म्हणजे एकदा फोन हातात धरला की खेळ खलास. सणासुदीच्या मोठ्या सुट्ट्यांत बऱ्याच गुन्ह्यांचे गुण दुप्पट. दारूचा मामला गुणांच्या वहीत येतच नाही, तिथे थेट लायसनवर गदा. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला एक गुण जास्त, १३ ऐवजी १४. त्याचा दिवसच रस्त्यावर जातो हे सरकारने ओळखलेलं आहे. १३ भरल्यावरही बहुतेकांना एक वाट मोकळी असते: निलंबनाऐवजी वर्षभर सरळ वागून दाखवण्याची हमी. ती मोडली तर मात्र निलंबन दुप्पट.

आमच्या वर्गातही हेच चालायचं. खोडकर पोराला 'एवढी तिमाही नीट वागून दाखव' म्हटलं तर दहातले सहा वागून दाखवायचे. कारण समोर काहीतरी उरलेलं असायचं. ज्याच्याजवळ गमावण्यासारखं काही उरत नाही त्याला शिस्त लावता येत नाही.

आपल्याकडे हे येता येता राहिलं, हे किती जणांना ठाऊक आहे? ३ जून २०१४ ला गोपीनाथ मुंडे दिल्लीत मोटार अपघातात गेले. केंद्रात मंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. त्यानंतर नितीन गडकरींच्या खात्याने नव्या कायद्याचा मसुदा पुढे केला, रस्ते वाहतूक व सुरक्षा विधेयक २०१४. त्यात ही गुणांची पद्धत होती. १२ गुण भरले की परवाना निलंबित. तो मसुदा बारगळला. २०१९ मध्ये जुन्याच कायद्याची दुरुस्ती झाली तेव्हा दंड वाढले, तीन महिने राहिले, आणि गुण मात्र गळून पडले. २०२५ मध्ये ही पद्धत आणायचा विचार दिल्लीत पुन्हा चालू असल्याच्या बातम्या आल्या होत्या. म्हणूनच आत्ता बोलायला हवं. कायदा होऊन गेल्यावर बोंबलून काय उपयोग?

माझ्याशी भांडणाऱ्यांचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला म्हणजे, मामांच्या हातात आणखी एक हत्यार द्यायचं, चिरीमिरी वाढेल. मला उलट वाटतं. चिरीमिरीचा भाव शिक्षेच्या वजनावर ठरतो. तीन महिने पोट मारण्याची धमकी असेल तर माणूस हजारो रुपये काढून देतो. ३ गुणांसाठी कोण देईल? शिक्षा लहान आणि नक्की असेल तर तोडपाण्याला जागा कमी उरते.

दुसरा आक्षेप, आधी रस्ते नीट करा. करायलाच हवेत. पुणे-नाशिक रस्त्याबद्दल आणि तळेगाव-चाकण रस्त्याबद्दल मी काय सांगणार, तुम्ही सगळे तिथे तास तास अडकलेले आहात. (खड्डे ठेवणाऱ्या कंत्राटदारालाही गुण द्यावेत, मी स्वतः लाल पेन घेऊन बसेन!) पण खड्डा आहे म्हणून कानाला फोन लागत नाही आणि कोंडी आहे म्हणून दारू पोटात जात नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो सोडवल्याशिवाय ही पद्धत आणू नये असंच मी म्हणेन. कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो, ड्रायव्हरचा चेहरा नाही. पावती मालकाच्या नावावर येते. ठेकेदाराच्या २० बसगाड्या असतील तर गुण कोणाला द्यायचे? आज तो ठेकेदार पावती भरतो किंवा ड्रायव्हरच्या पगारातून कापतो, आणि ड्रायव्हरची वही कोरीच राहते. तो उद्या दुसरीकडे नोकरीला गेला की नव्या मालकाला काहीच कळत नाही. त्यामुळे त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे मालकाने लेखी सांगण्याची सक्ती आधी हवी, आणि खोटं सांगितलं तर कडक शिक्षा हवी. सिडनीतलंच उदाहरण देते. मार्कस आइनफेल्ड हे तिथले निवृत्त न्यायमूर्ती. २००६ मध्ये कॅमेऱ्याने त्यांच्या गाडीचा जास्त वेग टिपला, दंड अवघा ७७ डॉलर. त्यांनी शपथेवर सांगितलं की गाडी आपली एक मैत्रीण चालवत होती. ती बाई २००३ मध्येच वारलेली निघाली! मार्च २००९ मध्ये खोट्या साक्षीसाठी त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातली किमान दोन तुरुंगात काढायची. ७७ डॉलर आणि थोडे गुण वाचवायला निघालेला न्यायाधीश गजाआड गेला. तिथल्या माणसाला गुणांचं भय का वाटतं हे यावरून कळतं.

आता आपल्या पुण्याकडे बघा. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. बाल न्याय मंडळाने जामिनाच्या अटींत त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं होतं. लोक खवळल्यावर तो जामीन फिरवला गेला, ते तुम्हाला आठवत असेल. आयुष्यभर निबंध तपासलेली बाई म्हणून सांगते, निबंध ही शिक्षा नव्हे आणि ती तशी वापरू नये. वडगाव शेरीकडे निबंध आणि आमच्या बसड्रायव्हरला तीन महिने उपास, हे एकाच जिल्ह्यातलं न्यायाचं माप असेल तर लोकांचा मापावरचा विश्वास उडणारच. गुणांची वही सगळ्यांना एकच असते. तीत बापाचं नाव लिहायला रकाना नसतो.

म्हणून माझ्या मागण्या चारच. एक, गुण चुकीच्या वजनाप्रमाणे, आणि दारूसारख्या गुन्ह्यांना गुणांची सवलत नाही. दोन, निम्मे गुण भरले की लेखी समज आणि एक दिवसाचा उजळणी वर्ग. २०१९ च्या कायद्यात असा वर्ग आहे, पण तो निलंबनानंतर, लायसन परत मिळवण्यासाठी. म्हणजे नापास झाल्यावर शिकवणी! तो आधी घ्या. आणि तो चाकणला, कामगाराच्या सुट्टीच्या दिवशी भरवा, म्हणजे खाडा होणार नाही. तीन, पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला थोडी जास्त मुभा आणि सरळ वागून दाखवायची एक संधी. चार, जो खेपेची वेळ ठरवतो त्याच्या नावावरही नोंद. ऑस्ट्रेलियात २०१४ पासून जड वाहनांच्या कायद्यात माल पाठवणारा आणि वेळापत्रक आखणारा यांनाही जबाबदार धरता येतं. आमच्याकडे दहा मिनिटांच्या उशिराला पैसे कापणारा नामानिराळा राहतो आणि फोन उचलणारा ड्रायव्हर गुन्हेगार ठरतो. हे आधी थांबवा.

या चार मागण्यांचं पत्र मी तयार केलं आहे. एक प्रत केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्याला, एक राज्याच्या परिवहन आयुक्तांना. पुढच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवणार आहे आणि सह्या घेणार आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याने पहिली सही करायचं कबूल केलंय. "बाई, माझे गुण मोजायला लागा, पण साहेबांचेही मोजा," एवढंच त्याचं म्हणणं. मला ते रास्त वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर जरूर भांडा, मी घरीच असते. फक्त गाडी चालवताना फोन करू नका, मी उचलणार नाही.